दुसरा हात

हिद्दच्या कोरड्या गोदीत जहाज उघडं पडलेलं,
पोटाखाली लाकडी ठोकळे घेऊन,
आणि त्याच्या सावलीत आम्ही चौतीस.
सावली म्हणायची एवढंच. लोखंड खालूनही तापतं.

रंग तपासायला बाई आली, बिल्बाओची,
नाव नीएवेस. म्हणजे बर्फ पडतो तो, असं तिनेच सांगितलं.
पारा सेहेचाळीसवर होता.
हुसेन परकार इतका हसला
की त्याला मचाणाचा बांबू धरावा लागला.

तिने जाडी मोजायचं यंत्र पत्र्याला लावलं,
मान हलवली, म्हणाली, ओत्रा मानो.
बिहारचा रामसकल गोंधळला: क्या मानें, मैडम?
तिने ब्रश हवेत ओढून दाखवला,
मग स्वतःचा पंजा.
रंगाचा थर आणि हा पंजा, दोन्ही मानो.

माझ्या हातातला डबा खाली राहिला.
हर्णैला होड्या रंगवायचा माझा मामा.
डोक्याला फडकं, कानामागे विडी,
म्हणायचा, अजून एक हात बसू दे रे, उन्हं आहेत तोवर.
कुठले कोण रंगारी, कुठल्या समुद्राकाठचे,
त्यांनाही थर मोजायला
हाताशिवाय काही सापडलं नव्हतं.

मग मी विचारतच सुटलो.
चहाच्या सुट्टीत पाइपवर बसून
सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं.
पहिलंच चुकलं. शेवटी ओ आहे
म्हणून मी त्याला पुल्लिंगी धरला.
ती म्हणाली, ला. ला मानो. ती.
मी म्हटलं, आमच्याकडे तो हात.
बोट मात्र ते. मूठ ती.
म्हणजे मिटला की ती होते?
असं तिने विचारलं,
आणि हर्णैच्या शाळेत हे शिकवलं नव्हतं.

बुधवारी शिडी सरकली तेव्हा ती वरून ओरडली,
एचामे उना मानो!
शब्दाला शब्द लावला तर: टाक माझ्याकडे एक हात.
बाईमाणसावर हात टाकला
तर आमच्या गावात पोलीसपाटील येतो.
मी तेवढा वेळ थांबलो.
परकार थांबला नाही. त्याला स्पॅनिश येत नव्हतं.
तीन बोटांनी त्याने शिडी दाबून धरली,
दोन सोहारच्या विंचने ठेवून घेतली होती.

शेवटी तिच्या हिशेबाचा कागद दिसला.
एक ओळ: मानो दे ओब्रा, पुढे ३४.
ओब्रा म्हणजे काम, हे पाकिटावर होतं.
मी म्हटलं, बाई, माणसं चौतीस.
हात अडुसष्ट होतात.
ती म्हणाली, अशीच म्हणायची पद्धत. मजूर म्हणजे हा शब्द.
मग कागद घडी करायचा सोडून
बघत राहिली त्याच्याकडे.

रात्री वरच्या बंकवर फोन कानाला.
शाल्मली तिसरीत, बेरीज मोठ्याने करते:
सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.
परत म्हण, मी म्हटलं.
हातचा एक, बाबा. तो वर लिहायचा, बारीक,
आणि पुढच्या घरात मिळवायचा.
नाहीतर बाई गुण कापतात.

चौतीस कागदावर.
उरलेले चौतीस हातचे धरले असतील कुणीतरी,
वर, बारीक.

शनिवारी गोदीत पाणी सोडलं.
दुसरा हात पाण्याखाली गेला, पहिला त्याच्याही आत.
नीएवेस विमानतळावर गेली होती सकाळीच.
परकार धक्क्यावर उभा राहून म्हणाला, बोट गेली.
आणि आपल्या पंजाकडे बघून,
तिला सांगायचं राहिलंच रे,
आपल्याकडे बोट ती पण असते, ते पण.