पाहिजेत : वाचक

सांगलीत, बसस्टँडच्या भिंतीवर,
क्लासेस आणि मूळव्याध यांच्या मधल्या जागेत
मी स्वतःच्या हातानं कागद चिकटवला :
पाहिजेत अंध वाचक.
पुस्तक वाचून दाखवणारं ॲप तपासायला.
मानधन नाही. चहा आहे.

आठ दिवस फोन गप्प.
नवव्या दिवशी गाड्यावरचा मेहबूब
कप विसळता विसळता म्हणाला,
ताई, ह्ये वाचणार कोण?

खळीसकट कागद ओढून काढला मी.
भिंतीचा थोडा रंगही आला.

मग त्याच्याच मेव्हण्याची भंगाराची रिक्षा.
जुनं लोखंड, रद्दी, बॅटरी यांच्या मधे
माझी दोन वाक्यं, माझाच आवाज,
विश्रामबागेपासून हरभट रोडपर्यंत भोंग्यातून फिरला.
संध्याकाळपर्यंत सात फोन.
चार रद्दीचे.

उरलेल्यांत एक विट्याचे कोष्टी,
चाळीस वर्षं मागावर.
दिसतंय की, म्हणाले, मधलं तेवढं गेलंय, कडंकडंचं दिसतंय.
अक्षर मोठं कर, अजून मोठं कर, करता करता
पडद्यावर एकच शब्द मावला.
'चालतंय. धागाबी मी एका टायमाला एकच बघायचो.'

दुसरी मिरजेची शमशाद मुजावर, बी.ए. दुसरं वर्ष.
तुमचं ॲप रांगतंय मॅडम, पळवा.
तिच्या वेगात मला काहीच कळेना,
डब्यात माशी अडकावी तसं नुसतं गुणगुणणं.
ती मात्र मधेच हसली.
परिच्छेदात विनोद होता, म्हणे.
मी टाईप केला होता तो, मला आठवत नव्हता.

आणि आवटी.
टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त.
त्यांचाच मला पहिला प्रश्न : अर्जंट की ऑर्डिनरी?
फुकट करीन, म्हणाले, पण चुका मी मोजणार,
आणि एक दुरुस्त झाल्याशिवाय दुसरी देणार नाही.

चूक पहिली.
तुमच्या बाईला ळ येत नाही.
रानात शाळू उभा होता, ती म्हणते शालू उभा होता.
नदीचा गाळ काढला, हिनं गाल काढला.
आणि काळ गेला म्हणायचं तिथं म्हणते, काल गेला.
'एवढासा करून टाकला हो तिनं.'

मी सगळं डोळे मिटून तपासलं होतं,
असं जरा तोऱ्यातच सांगितलं त्यांना.
पलीकडे शांतता. लाईन गेली असं वाटलं.
मग : 'बटण कुठं आहे ते तुमच्या बोटाला ठाऊक होतं, बाई.
डोळे उघडे असताना शिकलेलं बोट ते.'

चूक अकरावी. मागं जाता येत नाही.
पान मागं जातं, धडा मागं जातो,
एक ओळ, एवढीच एक ओळ मागं जात नाही.
'आवडलेल्या ओळीवर तुम्ही बोट ठेवून बसता.
मी कुठं ठेवू?'

तीन आठवडे लागले त्या ओळीला.
कुपवाडची खोली, कारखान्यांची शिट्टी,
भावाचे बोल : पगार कधीपासून?
आणि वहीत एकाखाली एक
दुसऱ्यांच्या हक्काच्या चुका.

परवा रात्री त्यांचा निरोप आला, बोलून ठेवलेला.
'आवटी बोलतोय. आजची तपासणी झाली नाही.
दीडशेव्या पानानंतर मोजायचं राहूनच गेलं.
ती पोरगी घर सोडून निघाली होती ना,
मग कुठली चूक नि कुठलं काय.
उद्या परत लावतो. पहिल्यापासून.
ऑर्डिनरी आहे हा, अर्जंट नाही.'

वहीत तारीख घातली.
चुका, असं लिहिलं
आणि पुढं पेन थोडा वेळ तसाच धरला.

खाली, दुसऱ्या शाईत :
ळ अजून जरा हलतोय.