खारी सांगलीत

तिसऱ्या लॉजच्या मालकानं पेन कानावर ठेवलं,
काउंटरवरून वाकून खाली पाहिलं.
"चावतंय काय?"
नाही.
"भुंकतंय?"
कुकरच्या शिट्टीवर, फक्त.
"हितं कुकर न्हाई," म्हणाला, रजिस्टर पुढं सरकवलं.
येण्याचं कारण : फिरायला.
सोबत कोण :
गेल्या दिवाळीपर्यंत या रकान्यात
हात आपोआप एक नाव लिहायचा.
खारी, असं लिहिलं.
नातं विचारणारा रकाना लगेच पुढं होता.
"ऱ्हाऊ द्या ते," म्हणाला आवटी,
आणि तळमजल्यावरची किल्ली दिली,
जिन्यावर नखं वाजायला नकोत म्हणून.

खोलीत दोन उशा.
एक मी घेतली.
दुसरीभोवती ती तीनदा फिरली
आणि जाऊन झोपली दाराशी, फरशीवर,
फटीला नाक लावून.
रात्रभर तिथून सांगली आत येत होती.
मला नुसता पंखा ऐकू येत होता.

माझ्याकडे यादी होती :
गणपती, पूल, ऑफिससाठी दोन किलो भडंग.
खारी यादी पाळत नाही.
पुण्यात तिचे चार खांब ठरलेले आणि नर्सरीची एक भिंत.
इथं खांबाखांबापाशी कुणीतरी
नुकतंच काही बोलून गेलेलं,
आणि ते शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय निघणं
तिला उद्धटपणाचं वाटत असावं.
पुलापर्यंत पोचायला आम्हाला दीड तास लागला.

देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या,
"द्या हिकडं. चपलंचं दोन रुपये.
हिचं काय घ्यावं, तेच कळंना."
मी देवासमोर उभी, लक्ष सगळं दोरीच्या गाठीत.
धावत बाहेर आले तर ही
शे-दीडशे जोडांच्या मधोमध बसलेली,
एकेक चप्पल सावकाश हुंगत :
कोण शेतातून आलं, कोण दवाखान्यातून,
कुणाच्या घरी लहान मूल आहे.
तिचं दर्शन माझ्याहून बरंच लांबलं.

मार्केट यार्डात पोती उतरत होती.
दोरी हातातून निसटली एवढंच आठवतं.
मग ढिगातून वर आलं पिवळं नाक,
पिवळ्या मिशा,
आणि शिंका, शिंका, शिंका.
हमाल पाठीवरच्या पोत्यांसकट थांबले.
"अवो, हळद लागली की हिला! नवरदेव कुठाय?"
मीही हसले.
खरंच हसले, पोटात दुखेपर्यंत,
एका पोत्याला टेकून.

रविवारी हरिपूरच्या रस्त्यावर,
संगम अजून पुढं होता,
ती डावीकडं वळली, जिथं काहीच नव्हतं :
गाजरगवत, फुटकी बादली, ऊन.
आणि उकरायला लागली.
ओढलं, हाका मारल्या, बिस्किट दाखवलं.
सायकलवरून जाणारे एक म्हातारे उतरले,
स्टँड लावून बघत राहिले.
"पेव हुतं तितं," म्हणाले.
"माझ्या सासऱ्याचं. हळदीनं गच्च.
पुराचं पाणी शिरलं, मग बुजवलं.
वर म्हशी बांधल्या. म्हशी इकल्या.
आता मला कुणी इचारलं असतं
तर जागा दावता आली नसती."

खारी ऐकत नव्हती.
वरची माती सुकी, खालची गार,
तिच्याखालची काळी.
मी गुडघ्यांवर बसले,
खड्ड्यात जवळजवळ तोंड घातलं.
माती. नुसती माती.
"आला वास?" म्हाताऱ्यांनी विचारलं,
असं, की हो म्हणावंसं वाटलं.
नाही म्हटलं.
"मलाबी न्हाई येत," म्हणाले,
आणि गेले मात्र नाहीत.

बाराला खोली सोडायची होती.
मी पायानं माती परत लोटली.
खारीनं पुन्हा उकरली.
मी लोटली.
तिनं मान वर करून एकदा पाहिलं माझ्याकडं,
पिवळ्या नाकानं,
जणू मीच काहीतरी विसरतेय,
आणि पुन्हा खाली गेली.