बरणी नंबर एकोणीस

नव्या अभ्यासक्रमाचं पत्र आलं त्या सोमवारी
वनस्पतींच्या कपाटातून
बरणी नंबर एकोणीस बाहेर काढली.
पोटावर बाबल पेडणेकरांचं अक्षर,
शाई विटून चहाच्या रंगाची:
‘नीलहरित शैवाल. शिवडी. ओहोटी.’

शैवाल नाही ते. कधीच नव्हतं.
हिरवं दिसतं, उन्हावर जगतं,
म्हणून कुणीतरी झाडांच्या पंगतीत बसवलं
आणि ते बसलं.
पेशीत केंद्रक नाही, हे दिसत होतं सगळ्यांना.
मीही तसंच शिकवलं, कितीतरी वर्षं.
आता ते जिवाणू.

“मग हिला ठेवू कुठं, बाई?”
परळच्या ह्या दुसऱ्या मजल्यावर चार कपाटं.
वनस्पती, प्राणी, बुरशी.
चौथ्यात बाबलांचा डबा, छत्री,
आणि फुटक्या कानाचा एक सूक्ष्मदर्शक.

पायऱ्या त्यांना मुलांपेक्षा पाठ:
सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती.
“गण नि कुल,” ते म्हणतात, “म्हणजे पत्रिकाच की!”
आणि हसतात.
त्यांच्या धाकटीचं एक स्थळ गणावरून मोडलं.
दुसरं जातीवरून.
ते त्यांनीच मोडलं.
मुलगा माझा जुना विद्यार्थी,
ह्याच टेबलाशी उभा राहून काचपट्ट्या रंगवायचा.

मी चिखलाचा थेंब पसरते, ज्योतीवरून फिरवते.
आधी जांभळा, मग आयोडीन, मग स्पिरिट.
भिंत जाड असेल त्याचा जांभळा टिकतो,
पातळ असेल त्याचा धुतला जातो,
त्याला आपण नंतर गुलाबी देतो.
एवढ्यावर अर्धं जग इकडे, अर्धं तिकडे.
क्षयाचा जंतू मात्र दोन्हींत धड बसत नाही,
अंगात मेणाची बंडी,
गरम केल्याशिवाय रंग म्हणून घेत नाही.

गोल. दांडी. मळसूत्र.
एकेकाळी नुसत्या आकारावर भागायचं.
नावं ठेवायला आपल्याला
फारसा पुरावा कधी लागलाच नाही.

भांडुपच्या मिठागरात पाणी गुलाबी होतं ना,
त्यातलेही ह्यांचेच भाऊबंद, असं धरून चाललो होतो.
आतली पोथी उलगडली तेव्हा कळलं,
घराणंच निराळं.
निघालेच तर आपले कुणीतरी लागतात,
दूरचे, खारट.

आणि ही कुलं तरी कुठं पाळतात?
एक दांडी दुसऱ्या दांडीला, गोत्र न विचारता,
देऊन टाकते आपल्यातला एक तुकडा,
भिंतीवरून विरजणाची वाटी द्यावी तसा.
त्यात औषधाला पुरून उरायची युक्तीही असते.
आपण झाड काढतो, खोड, फांद्या, डहाळ्या,
आणि ही पोरं
ह्या फांदीवरून त्या फांदीवर दोऱ्या बांधत सुटतात.

बाबल काचपट्ट्या धूत होते.
धुऊन झालेल्या पुन्हा धुतल्या.
मग नळाकडेच बघत म्हणाले,
“तो मुलगा अजून पोस्टातच का हो?”
मी म्हटलं, “हो. लग्न झालं त्याचं. वैशाखात.”
“बरं झालं,” म्हणाले.
नळ बंद केला. तो थोडा वेळ ठिबकत राहिला.

जुनं लेबल ओलं करून नखानं सोललं
तर खाली आणखी एक निघालं,
बाबलांच्या आधीच्या कुणाच्या तरी हातचं, मोडी वळणाचं:
‘क्षुद्र वनस्पती.’
त्याच्याखाली नुसती काच,
आणि काचेमागे ते,
तळाशी बसलेलं, निळं की हिरवं
ह्याचा निकाल खिडकीवर अवलंबून.

नव्या चिठ्ठीवर त्यांनी खालची ओळ आधी लिहिली:
‘शिवडी. ओहोटी.’
वरची कोरी सोडली.
बरणी चौथ्या कपाटात, डब्याला खेटून.
“वरचं पेन्सिलीनं लिहू,” म्हणाले,
“खोडायला बरं.”