वाजत नाही याचा पुरावा

मानवतच्या मोंढ्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान.
सातबारा, पीकविमा, जातीचा दाखला,
हरवलेल्या गुणपत्रिकेचं प्रतिज्ञापत्र.
दुसऱ्याच्या वतीनं विनवण्या करणं हा माझा धंदा.
पण चीनला अर्ज
पहिल्यांदाच लिहीत होतो.

ग्यानोबा उफाडे मास्तरांनी काउंटरवर रुमाल अंथरला
आणि त्यावर ठेवला क्लॅरनेटचा वरचा तुकडा,
दवाखान्यात लेकराचा मोडका हात ठेवावा तसा.
केसाएवढी चीर,
तिसऱ्या भोकाला सुरू होऊन
पांढऱ्या कड्याखाली गेलेली.
खोक्याचा कोपरा चेपलेला.
आतला फुग्याफुग्यांचा कागद नातवंडांनी
फोडून संपवलेला,
म्हणजे अर्धा पुरावा तिथंच गेला.

"लिव्ह," म्हणाले, "बोहनीच्या आदीच फसलाव म्हनून."
इंग्रजीत बोहनी बसेना.
मी लिहिलं : डॅमेज्ड. रिफंड. काइंडली.

सकाळी सव्वासहाला उत्तर.
तिकडं ऑफिसं उघडली असणार.
'प्रिय मित्रा, वाचून काळीज तुटलं.
वस्तू स्वखर्चानं परत पाठव.'
खाली नाव, लिली.
पोस्टात वजन केलं तर परतीचं भाडं
अर्ध्या क्लॅरनेटाएवढं.

"कोन हाय ही लिली?"
"बाई असेल. मशीनही असेल."
"लेकुरवाळी हाय का इचार."
ते मी विचारलं नाही.

अकरा दिवस, नऊ निरोप.
रोज दुपारी मास्तर स्टुलावर येऊन बसायचे,
"काय म्हनायलाय त्यो?"
लिलीचा 'त्यो' कधी झाला, कळलं नाही.
सतरा तारखेपासून लग्नतिथी.
तक्रारीची मुदत संपायला एक रात्र उरली
तेव्हा तिकडून मागणी आली :
'वाजत नाही याचा व्हिडिओ पाठव. एक मिनिट.'

शटर अर्धं ओढलं.
म्हणालो, मास्तर, नुसतं फुंका. फाटू द्या आवाज.
त्यांनी मान हलवली, पत्ती जिभेनं ओली केली,
फुंकलं.
पंक्चर ट्यूबसारखी हवा गेली. छान.
वीस सेकंद अगदी कोर्टात टिकेल असा पुरावा.

मग त्यांचे डोळे मिटले.
कुणी न सांगता एक बोट आडवं झालं
आणि चीर झाकून बसलं.
नवरी मारुतीला नारळ फोडून निघते
तेव्हाची ती संथ चाल.
एक सूर थोडा तिरका लागायचा,
त्याला एकट्याला तिरकं वाटू नये म्हणून
मास्तरांनी बाकीचेही जरा कलते घेतले.
बियाणाच्या दुकानातला मुनीम वाकून शटरखालून आत आला.
चहावाल्या पोराचे ग्लास निवले.
मिनिट केव्हाच उलटलं होतं.
मी बंद केलं नाही, ही चूक माझी.

"मास्तर, असं नाही चालायचं. बिघडलेलं वाजवा."
"बिघडलेलंच तर वाजिवलं."
"म्हणजे मुद्दाम, वाईट."
त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं
की मी तोच व्हिडिओ पाठवून दिला.

'प्रिय मित्रा, फार सुंदर.
वस्तू चालू आहे. तक्रार बंद.'

चिरेत लाख भरली, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी.
सतराला पाथरीची वरात, एकोणिसाला रामपुरी.
मी ऐकायला गेलो नाही.
लाजेनं म्हणा, किंवा पीकविम्याची गर्दी होती.

जूनमध्ये पुन्हा निरोप.
आमची सेवा कशी वाटली? तारे द्या.
माझा अंगठा एकावर गेलाच होता.
"थांब. किती असत्यात?"
"पाच."
"त्यानं समदं ऐकलं व्हतं का? शेवटपावतर?"
"तीन मिनिटं चाळीस. ऐकलेलं दिसतंय."

मास्तरांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, हिशेब केला.
"चार दे.
येक चिरेचा कापला."