बैठक

सोळा वर्षं माझा बाप गाड्यांच्या सीटा शिवत आला,
उभ्यानं.

पट्टा सरकत राहायचा. लघवीला जायचं तर
मुकादमाकडं बघून बोट वर करायचं, शाळकरी पोरासारखं,
आणि मुकादम घड्याळ बघायचा.
घरी जेवतानाही बापाचा उजवा अंगठा
टेबलाच्या कडेवर काहीतरी दाबत राही.
आई त्यावर हात ठेवायची.
हात काढला की अंगठा पुन्हा कामावर.

मग एका डिसेंबरात, नाताळ उलटल्यावर,
पट्टा थांबला.
बाहेर पडून संप केला तर आत दुसरे येतात,
म्हणून हे आतच बसले.
फ्लिंटमध्ये त्या रात्री इतकी शांतता होती
की आमचं कुत्रं घाबरून पलंगाखाली गेलं.

मी नऊ वर्षांची. बादलीत बटाट्याचं लाल कालवण,
वरून दोर सुटायचा, बादली डुलत वर जायची.
आर्कान्सातला लेमुएल टकेट,
ज्याला आमचं व्हेरेबेयी हे आडनाव
शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही,
खिडकीतून ओरडायचा, "वहिनी, तिखट वाढवा!"

कंपनीनं वाफ बंद केली. नळात बर्फ.
बाप झोपायचा त्यानंच शिवलेल्या सीटवर,
बूट काढून. तसा नियमच होता त्यांचा:
मालाला डाग लागता कामा नये.

ज्या रात्री आत धूर सोडला,
बायका कोटाखाली दांडकी घेऊन गेल्या.
आई लोकांच्या घरच्या काचा पुसायची.
फोडण्याआधी तिनं बाहीनं काच पुसली म्हणे,
सवय.
मग हाणलं.
आतून खोकल्याचा आवाज बाहेर आला
आणि त्यात तिनं नवऱ्याचा खोकला ओळखला.

चव्वेचाळीस दिवसांनी बाप दाढी वाढवून घरी आला.
पगार किती वाढला, मला आठवत नाही.
आईनं खुर्ची ओढली, म्हणाली, "बस."
"बसूनच आलोय," तो म्हणाला,
आणि उभ्यानंच हसला, कितीतरी वेळ.
अंगठा? तो चालूच होता. हळू, पण चालू.

त्या सीटा पुढं विकल्या गेल्याच असणार.
ओहायोतल्या कुणा दंतवैद्यानं
नवी गाडी घेतली असेल, बायकोला मागं बसवलं असेल,
आणि ती कुरकुरली असेल,
"इथं कुणीतरी आधीच बसून गेलंय."