सुटा कंदील

तुझ्या आईनं पाठवलं म्हणून गेलो,
एवढं आधीच सांगून ठेवतो.

बाब झुवेलाच्या दोन मिनारांखालून बाहेर पडलं की उजवीकडे.
शाबानचे शेवटचे आठ दिवस
तो रस्ता रस्ता राहत नाही,
दोन्ही बाजूंनी लगडतो.
डोक्याला पत्रा लागतो, खांद्याला काच,
पायात मांजर.
जर्दाळूपोळीचे नारिंगी गठ्ठे,
ज्येष्ठमधाचं सरबत विकणारा पितळी ताटल्या वाजवत,
आणि ते प्लास्टिकचे, बटण दाबलं की गाणारे.
एका पोरानं एकदम दहा सुरू केले.
दहाही वेगवेगळ्या शब्दावर अडखळत होते.

उस्ता दसूकीनं मला ओळखलं नाही.
मी ओळखलं त्याला:
मीटर जिन्याखाली, काटा नेहमी संशय यावा इतका हळू.
तीस वर्षं या गल्ल्यांतून वही घेऊन हिंडलो
लोकांच्या घरचा उजेड मोजत.
आकडा कधी चुकला नाही.

म्हटलं, गोथेनबर्गला पाठवायचाय.
तो म्हणाला, माणूस जातो तिथवर. कंदील नाही जात, चेपतो.
रीहामच्या बॅगेत जागा एक किलोची,
त्यातली अर्धी तुझ्या आईच्या
वाळल्या मुलूखियानं आधीच खाल्लेली.

त्यानं चारशे पौंड सांगितले, मी दोनशे.
मग चहा आला. मग त्याच्या गुडघ्याचं दुखणं,
मग माझ्या.
तीनशे दहावर दोघंही नाराज झालो,
म्हणजे सौदा बरोबर झाला.

मग त्यानं तो तयार कंदील मांडीवर घेतला
आणि खोलला.
कोंबडी सोलावी तसा, न बघता,
दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत.
घुमट निघाला, कडी निघाली, चार भिंती आडव्या झाल्या.
लाल, हिरवी, दोन पिवळ्या, एक निळी,
प्रत्येक काच वेगळ्या वर्तमानपत्रात.
सगळं मिळून एका पुस्तकाएवढं.

पत्र्याच्या कडेला बारीक पट्ट्या असतात,
त्यांना तो जिभा म्हणतो.
"खाचेत घालायची, एकदा वाकवायची. बस.
दुसऱ्यांदा वाकवली की तुटते.
सांगा मुलाला."

सांगा मुलाला.
जसं काही आपलं रोज बोलणं असतं.

विमानतळावर तुला म्हणालो होतो,
तिथे जाऊन काय दिवे लावणार आहेस?
तुझ्या मामासमोर, त्या हमालासमोर.
तू हातातली एक बॅग खाली ठेवलीस,
पुन्हा उचललीस.
तीन रमजान झाले त्याला.

रात्री कागद घेतला. क्रमवार लिहिलं:
आधी तळ, मग भिंती, घुमट शेवटी,
निळीची खरबरीत बाजू आत.
खाली सही करावी की नाही कळेना.
केली नाही.
अक्षर ओळखशीलच.

काल तुझ्या आईच्या फोनवर फोटो आला.
खिडकीबाहेर पांढरी छपरं, एक सायकल बर्फात अर्धी.
आत कंदील, पेटलेला.
टेबलाच्या कडेला तुझा हात,
फक्त मनगटापर्यंत. बारीक झालायस का,
मनगटावरून समजत नाही.

ती म्हणाली, बघा, लावला त्यानं.
मी म्हटलं, निळी उलटी लावलीय.
तिनं फोटो पुन्हा स्वतःकडे वळवला,
म्हणाली, मग सांगा त्याला.
आणि आत गेली. भांडी जरा जोरातच वाजली.

आज तोफेला पाच मिनिटं आहेत.
सूप निवतंय, खजुराची बशी मध्ये.
चष्मा सापडत नाही म्हणून नंबर तीच लावून देते आहे.
पलीकडे वाजतंय.

निळीबद्दल एवढंच सांगायचंय, बासिम:
आता उकलू नकोस ती.
जीभ तुटेल.
राहू दे उलटी.