सदर

चार नकाशे जीपच्या बॉनेटवर पसरले
आणि वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर
तिच्याच पात्रातले चार गोटे ठेवले.
वनखात्याच्या नकाशात ती उद्यानाच्या भिंतीपाशी संपते.
पालिकेच्या नकाशात तिथूनच सुरू होते,
नाला क्रमांक सदतीस.
जिल्हाधिकारी कार्यालयाकडे एक तुटक रेघ,
खाली बारीक अक्षरांत: सरकारी.
प्रदूषण मंडळाकडे रेघसुद्धा नाही, तीन ठिपके फक्त,
जिथे ते बाटल्या भरतात.

मी इतिवृत्त लिहायला आलेली.
'सदर' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं.
सदर काय?
नाला लिहा, चौकेकर साहेब म्हणाले,
नदी लिहिलंत तर पूररेषा आली,
पूररेषा आली की अर्धी कांदिवली माझ्या टेबलावर.
वनरक्षक किसन वरठा म्हणाला,
मुठे सापडतात हिच्यात अजून, भिंतीच्या अलीकडे.
आणि पलीकडे?
पलीकडे माझी ड्यूटी नाही.
कुणी हसलं नाही. सगळ्यांचं उत्तर तेच होतं.

मग मंडळाच्या ग्लोरिया डाबरे यांनी
पिशवीतून हिरव्या रंगाच्या पुड्या काढल्या.
संडासात टाकायच्या, पाणी सोडायचं,
खाली काठावर वाट बघायची.
हिरवं आलं तर जोडणी चोरटी.
बिनविषारी आहे हो, हे तबेल्याच्या रामअवधला तीनदा सांगावं लागलं,
तरी त्याने म्हशी आत बांधल्याच.

माणसं कमी, काठ लांब.
मग वनखातं पुलाखाली उभं राहिलं,
पालिका भिंतीपलीकडे, झाडांत,
तलाठी भाऊसाहेब तबेल्यामागे, पँट दुमडून.
आपापली हद्द सोडून आलेले,
फोन हातात धरून
पाण्याकडे बघत बसलेले सरकार
मी पहिल्यांदा पाहिलं.

चाळीचं आलं नाही.
तबेल्याचं आलं, ते न टाकताही दिसत होतं.
टॉवरच्या बी विंगचं आलं अकरा मिनिटांत;
सेक्रेटरी म्हणाले, आमच्या स्विमिंग पूलचं असेल.

एक पुडी उरली.
तुमची चौकी राहिली, डाबरेबाई म्हणाल्या.
आमची? अहो, नोटिसा आम्ही काढतो.
पण गेले. स्वतः टाकली, साखळी ओढली,
रुमालाला हात पुसत बाहेर आले.
सहा मिनिटं.
पुलाखालून किसनचा फोन:
साहेब, हिरवं. पोपटासारखं हिरवं.

चौकेकर पुलापर्यंत चालत गेले, टोपी न घालता, उन्हात.
कठड्याला टेकून उभे राहिले.
खाली त्यांच्या खात्याचा रंग
थर्माकोलला वळसा घेत होता, एका चपलेला,
गाळात रुतलेल्या पाटाच्या कोपऱ्याला.
जरा घुटमळला, भोवऱ्यात फिरला,
मग वाट सापडल्यासारखा सरळ मालाडच्या खाडीकडे निघाला.
इतकी वर्षं काळं दिसायचं, साचल्यासारखं.
हे वाहतं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

लिहा, ते म्हणाले. जोडणी क्रमांक एक: आमची.
लिहिलं.
आणि सदर?
ते पाण्याकडेच बघत राहिले.
मी पेन्सिल काढली, दोन अक्षरं लिहिली,
वही पुढे केली.
त्यांनी चष्मा वर सरकवला, वाचलं,
आणि खाली सही केली, पेनाने.

डाबरेबाईंची झाली. वरठाच्या साहेबांची
संध्याकाळी घेतली, बोरिवलीला जाऊन.
चौथी अजून व्हायची आहे;
भाऊसाहेब म्हणाले, वर विचारून सांगतो.
महिना झाला.

नकाशे गुंडाळले तेव्हा गोटे तसेच राहिले बॉनेटवर.
कुठल्या खात्याचे, कुणालाच आठवेना.
एक मी उचलला. टेबलावर आहे,
त्याच कागदावर.
खालची बाजू अजून जरा हिरवी आहे.